स्टेशनची पार्किंग की शहर बस? अकरा महिने दोन्ही वापरून

काल संध्याकाळी बस आमच्यासाठी थांबली. ६:५० ची बस, आमची रेल्वेगाडी लागली ६:५५ ला, पुलावरून पळत उतरले तर बस दिवे लावून तिथंच उभी आणि मास्तर (कंडक्टर) दारात उभे राहून हात करत होते, या ताई, सावकाश या. ७:०१ ला डबल बेल दिली. म्हणजे अकरा मिनिटं थांबली. ज्यांना रोज स्टेशनवरून घरी जायचं नसतं त्यांना यात काय एवढं असं वाटेल, पण मी या अकरा मिनिटांसाठी जूनपासून मागे लागलेय, म्हणून आज रविवारी बसून सगळं लिहून काढतेय.

आधी सांगते, मी रोज अपडाऊन करते, लॅबमध्ये नोकरीला आहे, मनमाड-परभणी लाईनवर. स्टेशन कोणतं ते लिहित नाही कारण पार्किंगची पोरं आणि बसचे मास्तर दोघंही रोज समोर असतात, त्यात इथल्या अपडाऊनवाल्यांना न सांगता कळेलच. पास आहे, मोबाईलवर काढते, तीन महिन्यांचा काढला तर एका महिन्याच्या २.७ पट पैसे लागतात म्हणून तिमाहीच काढते. हा पास वंदे भारत, जनशताब्दीत चालत नाही, त्यामुळे सकाळची एक आणि संध्याकाळची एक अशा ठरलेल्या दोनच गाड्यांवर आमचं सगळं आहे. घर ते स्टेशन सात किलोमीटर.

जानेवारी ते मे मी स्कूटर स्टेशनच्या पार्किंगला लावत होते. महिन्याचा पास ३५० रुपये. सुरुवातीला मला हे लई सोयीचं वाटलं, सकाळी घरून निघायचं, गाडी लावायची, प्लॅटफॉर्म गाठायचा. संध्याकाळचं मात्र कोणी आधी सांगितलं नव्हतं. रेल्वेगाडी आली की एकदम दोन-अडीचशे माणसं पार्किंगकडे येतात, बाहेर पडायला गेट एकच, गेटवर पावती बघणारा पोरगा एकच, आणि मधल्या रांगेत गाडी अडकली असेल तर पुढच्या चार गाड्या आपणच हलवायच्या. मी घड्याळ लावून बघितलं, गाडीतून उतरल्यापासून रस्त्याला लागेपर्यंत कधी अठरा मिनिटं, कधी बावीस. एप्रिलपासून ऊन. पत्र्याचं शेड आहे पण ते कारसाठी, टू-व्हीलर उघड्यावर. एका लिंबाच्या झाडाखाली साताठ गाड्या मावतात, तिथली जागा धरायला लोक दहा मिनिटं आधी येतात. बाकीच्यांनी दिवसभर त्रेचाळीस डिग्रीत तापलेल्या सीटवर ओला रुमाल टाकून बसायचं.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी बघते तर उजवा आरसा तुटलेला आणि डिक्कीला अडकवलेलं हेल्मेट गायब. पोराला विचारलं तर म्हणाला, "ताई, आम्हाला काय सांगू लागल्या, पाटी वाचा की." पाटीवर लिहिलंय, वाहन स्वतःच्या जबाबदारीवर लावावे. मग ३५० रुपये कशाचे, असं मी ठेकेदाराला फोन करून विचारलं, तो म्हणाला जागेचे. हेल्मेट साडेनऊशेचं आणि आरसा दोनशे ऐंशीचा. घरी आले तर आमचे हे म्हणाले, अगं सोड ती पार्किंग, बस जाते की थेट. सासूबाईंनी पण तेच सांगितलं, रात्रीची गाडी चालवू नको म्हणून त्या आधीपासूनच मागे होत्या.

म्हणून १ जूनपासून बस. पास ७०० रुपये. आता हिशोब बघा, मी डायरीत सगळं लिहिते. स्कूटरने रोज चौदा किलोमीटर, ऍव्हरेज पंचेचाळीस, पेट्रोल एकशेपाच धरलं तर दिवसाचे बत्तीस-तेहेतीस, पंचवीस दिवसांचे ८२० च्या आसपास, वर पार्किंगचे ३५०, झाले ११७०. बसचे ७००. महिन्याला पावणेपाचशे वाचतात आणि आरशाची भीती नाही. पहिल्या आठवड्यात मी ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटले होते की बसच धरा.

मग बस सुटायला लागली.

कागदावर बघितलं तर गाडी ६:४३ ला आणि बस ६:५० ला, मध्ये सात मिनिटं. या सात मिनिटांचं काय होतं ते मी पावलं मोजून सांगते. पूल चढून उतरून गेटपर्यंत येईपर्यंत तीन मिनिटं जातात, आणि गेटपासून बस स्टॉप ३४० पावलं आहे. कारण गेटसमोरची सगळी चांगली जागा पार्किंगला दिलीय, गेटपासून पहिली कार वीस पावलांवर उभी असते, त्यानंतर टू-व्हीलर, त्यानंतर ऑटो, आणि बस बाहेर मेन रोडला. पावसात तिथंवर जायला छत नाही, नालीवर फरशी टाकलीय तीही हलते. माझ्याबरोबर एक काका आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना तेवढ्या अंतराला आठ मिनिटं लागतात, म्हणजे गाडी अगदी वेळेवर आली तरी त्यांची बस गेलेलीच असते. आणि गाडी वेळेवर येतेच असं नाही कारण लाईन एकेरी आहे, समोरून येणारी गाडी आधी काढायची असली की आमची मधल्या एखाद्या स्टेशनात क्रॉसिंगला उभी राहते. छत्रपती संभाजीनगर ते परभणी या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये मंजुरी दिली, ते झालं की हा त्रास कमी होईल, पण रूळ पडेपर्यंत वर्षं जाणार आणि मला घरी रोज जायचंय.

बस गेली की काय करायचं? सीटवर (शेअरिंग) ऑटो मिळतो पण तो चौकापर्यंतच, आमच्या कॉलनीत अंधार पडल्यावर येत नाही. स्पेशल करायचा तर १२० रुपये. जूनमध्ये सहा वेळा केला, जुलैत नऊ वेळा. जुलैचे नुसते ऑटोचे १०८० आणि बसपासचे ७००, झाले १७८०. स्कूटरला ११७० लागत होते. म्हणजे बस स्वस्त पडते की महाग हे तिकिटावर ठरतच नाही, ती ६:५० ला गेली की नाही यावर ठरतं. महिन्याला चार ऑटो झाले की संपलं, चार एकशेवीस ४८०, वाचवलेले सगळे गेले.

जुलैच्या शेवटी मी मास्तरांशी वाद घातला. दहा मिनिटं थांबले असता तर काय झालं असतं म्हणून. ते शांतपणे म्हणाले, "ताई, माझी पुढची फेरी ७:४० ला लागते, उशीर झाला की कंट्रोलरला लेखी मी देतो, तुम्ही नाही. तुमची गाडी कधी येणार ते मला कोण सांगतं?" तेव्हा राग आलेला पण घरी येऊन विचार केला तर माणूस खरं बोलत होता. रेल्वेचा बसशी काही संबंध नाही, बसचा रेल्वेशी नाही, आणि दोघांच्या मध्ये आम्ही ३४० पावलं पळतो.

ऑगस्टमध्ये मी रोज गाडी किती वाजता लागली ते डायरीत लिहिलं. चोवीस दिवस गेले. त्यातले तेरा दिवस बस मिळण्यासारखी वेळ होती, आठ दिवस गाडी पंधरा मिनिटांपर्यंत उशिरा आणि तीन दिवस त्याहून जास्त. म्हणजे अकरा दिवस बस गेली आणि त्यातले आठ दिवस बस नुसती पंधरा मिनिटं थांबली असती तरी आम्ही सगळे बसून गेलो असतो. हे आकडे घालून अर्ज लिहिला, एकतीस जणांच्या सह्या घेतल्या आणि बसच्या ऑफिसात नेऊन दिला. साहेबांनी वाचला, खरंच वाचला, आणि सप्टेंबरपासून बसची वेळ ६:५० ची ७:०० केली.

आणि ते चुकलं. मलाही आधी वाटलं होतं की झालं काम, सगळ्यांना पेढे वाटायचे बाकी होते. पण ज्या दिवशी गाडी वेळेवर यायची त्या दिवशी लोक स्टॉपवर दहा-अकरा मिनिटं उन्हा-पावसात उभे, तेवढ्यात सीटवरचा ऑटो समोर येऊन ओरडतो, निम्मे त्यात बसून जातात, बस अर्धी रिकामी निघते. ज्या दिवशी गाडी वीस मिनिटं उशिरा त्या दिवशी बस तरीही गेलेलीच. मास्तर म्हणाले फेरीचं उत्पन्न कमी झालंय, असंच राहिलं तर फेरी बंद करतील. मी घाबरून परत स्कूटर काढली, परत ३५० चा पार्किंगचा पास काढला. सप्टेंबर पूर्ण आणि अर्धा ऑक्टोबर पार्किंगला गेला, नवीन हेल्मेट मात्र हातात धरून लॅबला नेत होते.

दिवाळीला नणंदेकडे ठाण्याला गेलो होतो. तिथं स्टेशनच्या पश्चिमेला सॅटिस म्हणून आहे, ठाणेकरांना माहितीच असेल, रस्त्याच्या वर पूल बांधून बस वर नेल्यात आणि ऑटो खाली ठेवलेत, प्लॅटफॉर्मच्या पुलावरून चालत सरळ बसच्या रांगेत. नणंदबाई रोजच्या सवयीने पुढे चालत होत्या आणि मी तिथंच उभी राहून बघत होते. आपल्याकडे एवढा खर्च नको, एवढी गर्दीही नाही. पण बसला गेटजवळची जागा द्यायची एवढं तर बिनखर्चाचं आहे. बारा मीटरची बस उभी राहायला तीस चौरस मीटर जागा लागते, एका कारच्या खणाला अडीच बाय पाच धरले तर साडेबारा. म्हणजे अडीच कारची जागा. त्या अडीच कार सकाळी तीन-चार माणसांना सोडून नऊ तास तिथंच उभ्या असतात, बस दहा मिनिटं थांबून चाळीस माणसं घेऊन जाते.

पार्किंग काढून टाका असं मी म्हणत नाही. जूनमध्ये म्हणत होते, ते आता मागे घेते. आमच्या डब्यातला एक दादा चौदा किलोमीटरवरच्या गावाहून मोटारसायकलवर येतो, सकाळी दूध डेअरीला घालून मग स्टेशन, त्याच्या गावाला त्या वेळेला एसटी नाही. एक मॅडम मुलीला शाळेत सोडून येतात. त्यांना पार्किंग पाहिजेच, आणि चांगली पाहिजे, शेड टाकलेली, दोन गेटची, गाडी फुटली तर विचारणारं कोणी असलेली. फक्त ती मागच्या बाजूला न्या. दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाडीला शंभर पावलं लांब गेल्यानं फरक पडत नाही, गुडघा दुखणाऱ्या काकांना पडतो. अमृत भारत योजनेत स्टेशनांचं रूप बदलू लागलंय, ६ ऑगस्ट २०२३ ला एकाच दिवशी देशातल्या ५०८ स्टेशनांच्या कामाची पायाभरणी झाली, तर ज्या ज्या गावात सर्क्युलेटिंग एरियाचं, म्हणजे स्टेशनसमोरच्या आवाराचं काम निघेल तिथल्या अपडाऊनवाल्यांनी फरश्या बसायच्या आधी जाऊन विचारा की बस कुठं उभी राहणार आहे. नंतर खांब उभे राहिले की कोणी हलवत नाही.

आता बसचं पुढचं. ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही दुसरा अर्ज दिला, यावेळी वेळ बदला असं लिहिलंच नाही. बस ६:५० लाच ठेवा, पण आमची गाडी आधीचं स्टेशन सोडून निघालेली असेल तर पंधरा मिनिटांपर्यंत थांबा, आणि थांबल्याबद्दल मास्तरांना लेखी मागू नका, एवढं लिहिलं. शेवटचं वाक्य मास्तरांनीच सांगितलं होतं. आता ते मोबाईलवर गाडी कुठपर्यंत आली ते बघतात, नेट नसलं तर आमच्यातलं कोणीतरी डब्यातून फोन करतं. ड्रायव्हर काका सुरुवातीला कुरकुरले, पण बस भरून जायला लागल्यावर तेच विचारतात, आली का तुमची गाडी?

नोव्हेंबरचे आकडे असे: तेवीस दिवस गेले, बस वीस दिवस मिळाली, ऑटो तीन वेळा, ३६० रुपये. पास धरून १०६०. स्कूटरपेक्षा एकशे दहा कमी. फार नाही वाचले, पण अंधारात गेटच्या रांगेत वीस मिनिटं उभी राहिले नाही आणि घरी साडेसातला पोचले. स्टॉप अजून तिथंच आहे, मेन रोडला. फरशी अजून हलते. तिसरा अर्ज त्याचाच आहे, काकांची सही सगळ्यात वर घेतलीय.

पार्किंगचा पास आता पुढे काढणार नाही. महिन्यातून एका रविवारी ड्यूटी असते, त्या दिवशी संध्याकाळची बस नसते, तेवढ्यापुरती स्कूटर नेईन आणि दिवसाची पावती फाडीन.