बेळगाव कोर्टातलं मोफत लीगल एड: पोटगी किती वर्षं मिळते ते इथं कळलं

धाकट्या बहिणीची घटस्फोटाची केस चाललीय. आम्ही खानापूरकडचे, सकाळच्या बसनं सीबीटी बसस्टँडला उतरायचं आणि तिथनं चन्नम्मा सर्कलजवळ कोर्टात. आधी एक खासगी वकील धरला होता, नाव नको, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की पोटगी काय जन्मभर नसते, फार तर तीन वर्षं, त्यापेक्षा नवरा 4 लाख एकरकमी देतोय ते घेऊन मोकळे व्हा. आई तयार पण झाली होती, फक्त सही राहिली होती.

मग शेजारच्या काकींनी लीगल एडचं, म्हणजे सरकारकडनं फुकट वकील मिळायच्या सोयीचं सांगितलं. बाईमाणसाला तिथं मिळकतीची अट नाही, 1987 च्या कायद्यातच आहे, त्यामुळं बहीण शिलाई करून थोडंफार कमावते तरी वकील फुकट मिळाला. आणि वकीलताई मराठीत बोलल्या हो! कन्नडमधले सगळे कागद ओळ न ओळ मराठीत वाचून दाखवले, तोवर आम्ही कशाखाली सह्या करतोय तेच आम्हाला कळत नव्हतं.

पोटगीचं त्यांनी असं समजावलं. केस चालू असताना मिळते ती हिंदू विवाह कायद्याच्या कलम 24 ची, ती निकालापर्यंतच. निकालानंतरची त्याच कायद्याच्या कलम 25 ची, आणि त्यात वर्षांचा आकडाच नाही, मागणारी जिवंत असेपर्यंत कोर्ट देऊ शकतं. तिनं परत लग्न केलं तर कोर्ट ती बंद करू शकतं, नवऱ्याची किंवा हिची परिस्थिती बदलली तर अर्ज करून रक्कम कमीजास्त होते. आता चालू आहे तीच आपोआप पुढं चालेल असं समजू नका म्हणाल्या, निकालात कायमची पोटगी लिहून घ्यायची, राहिलीच तर नंतरही मागता येते.

मग 4 लाखाचा हिशोब त्यांनी कागदावर मांडला. सध्या महिना 7 हजार मिळतात, म्हणजे 4 लाख म्हणजे 57 महिने, पावणेपाच वर्षं. बहीण 31 ची आहे. पावणेपाच वर्षांनी छत्तीसाव्या वर्षी तिनं काय खायचं? आणि एकरकमी घेऊन पुढं काही मागणार नाही असं लिहून दिलं की नंतर दार ठोठावणं फार अवघड. एकरकमी वाईटच असं नाही, नवरा पळपुटा असेल तर दर महिन्याला मागं लागण्यापेक्षा ते बरं, पण मग रक्कम तशी पाहिजे. पोराचा खर्च तर यात धरलाच नव्हता, तो वेगळा मागायचा!

नवरा उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कामाला, पगार कमी दाखवत होता. तर 2020 पासून सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळं दोघांनाही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, त्यात त्याच्या दुकानगाळ्याचं भाडं बाहेर आलं. त्याच निकालानं पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणून अर्ज लांबवू नका. फौजदारी कायद्याची पोटगी, जुन्या सीआरपीसीचं कलम 125, आता 1 जुलै 2024 पासून नव्या बीएनएसएस कायद्याचं कलम 144, तीही घटस्फोट झालेल्या बाईला परत लग्न करेपर्यंत मागता येते. या पोटगीची थकबाकी असेल तर एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज टाकायचा, हे खूप जणींना माहीतच नसतं आणि मागचे पैसे बुडतात.

माझ्याकडनं पाचपैकी पाच. जाताना लग्नाचा पुरावा, आधार, बँक पासबुक, पोराचा जन्मदाखला, शाळेच्या फीच्या पावत्या घेऊन जा, झेरॉक्स दोन दोन काढा. नाही जमलं तर आधी लीगल एडच्या हेल्पलाइनला, 15100 वर, फोन करून विचारा. एकरकमीच्या कागदावर सही करायची असेल तर त्याच्या आधी जा, नंतर नको.