सुपर कब की सेसना २०६? हात तीनच असतील तर

कराडच्या धावपट्टीच्या आसपास वाढल्यामुळे विमानाचं वेड जुनंच. परवा साताऱ्याच्या मित्रानं विचारलं, "दुर्गम गावांत पेशंट-औषधं नेणाऱ्या मिशनच्या कामासाठी जुनं विमान दुरुस्त करून उभं करायचंय, हँगरमध्ये माणसं तीनच. कुठलं छोटं विमान घेऊ, सुपर कब की सेसना २०६?"

सुपर कबचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, वर पॉलिएस्टरचं कापड. चिकटवून इस्त्री फिरवली की ते आकसून ढोलकीच्या पुडीसारखं ताणतं. निवांतपणे एकटाही करेल. मात्र जुनं कापड काढल्यावर शेपटीकडच्या खालच्या नळ्या आधी बघायच्या. पाणी तिथं साचतं, गंज आतून खातो.

सेसना ॲल्युमिनियमची. पत्रा बदलायचा म्हणजे रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे धातूचे खिळे ठोकायचे, आणि त्याला बहुतेक ठिकाणी दोघं लागतात: एक बाहेरून ठोकायची गन चालवणार, दुसरा आत अंग दुमडून लोखंडी ठोकळा धरणार. मग इंजिन उघडायला उरला एक! शिवाय सीटच्या रुळांची झीज डोळ्यात तेल घालून तपासायची. उड्डाण करताना सीट मागं घसरली तर पायलटचा हात कंट्रोलला पोचत नाही.

तरी माझं मत सेसनाच. कबमध्ये जागा दोघांची. पेशंट, नातेवाईक, औषधांची खोकी कुठं कोंबणार? पापुआ न्यू गिनीच्या डोंगरांत मिशनवाल्यांनी २०६ उगाच नाही वापरलं. फक्त विमान कधी तयार होईल, ती तारीख कुणाला देऊन बसू नकोस, एवढं त्याला बजावलंय.