मॅकग्रेगर २६एक्सवर ५० ऐवजी ७० हॉर्सपॉवर, वापरून काय वाटलं

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातले ओळखीचे दोघं-तिघं ही बोट बघतायत आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, ७० चं इंजिन लावावं का. माझ्याकडची २६एक्स सेकंडहँड, आधीच्या मालकाने मागे सुझुकी डीएफ७०ए बसवलेलं. बोट बनवणाऱ्या कंपनीची मर्यादा ५० ची आहे.

ज्यांना बोट माहीत नाही त्यांच्यासाठी: कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसाला बनायची, २००२ पर्यंत २६एक्स, मग २६एम, आणि २०१३ ला कारखानाच बंद झाला. शिडाची बोट, पण तळाखाली जड कील (बोट उभी ठेवणारं वजन) नाही, तळाच्या टाकीत पाणी भरून वजन आणायचं. टाकी रिकामी करून सेंटरबोर्ड (तळातून खाली सोडायची फळी) आणि दोन्ही सुकाणू वर घेतली की मोठ्या आऊटबोर्डवर, म्हणजे मागे बाहेर लावलेल्या इंजिनवर, मस्त पळते. साध्या शिडाच्या बोटीला एवढं इंजिन लावून काही फायदा नसतो, या लांबीच्या बोटीचा वेग साडेसहा नॉटच्या (ताशी १२ किलोमीटरच्या) आसपास अडकतो आणि तिथपर्यंत जायला १० हॉर्सपॉवर पुष्कळ झाले.

इंजिन म्हणून डीएफ७०ए ला माझे पूर्ण मार्क. शांत आहे, एका झटक्यात चालू होतं, प्रोपेलर मोठा असल्यामुळे भरलेली बोटसुद्धा आरामात उचलतं. टाहोला तर खूपच बरं वाटतं, ते तळं जवळपास १९०० मीटर उंचीवर, हवा विरळ, तिथे कुठल्याही इंजिनची १८ टक्क्यांच्या आसपास ताकद जाते म्हणजे ५० चं ४१ होतं आणि ७० चं ५७ च्या पुढेमागे. चार माणसं, सामान, टाकी भरलेली असताना हा फरक चांगलाच कळतो.

पण वेग म्हणाल तर पॉवर ४० टक्के वाढली म्हणून वेग ४० टक्के वाढत नाही हो. मित्राची ५० वाली आणि माझी, दोन्ही भरलेल्या, शेजारी शेजारी पळवल्या तेव्हा माझी दोनेक नॉट पुढे, बस. आणि जिथे लोकांना वाटतं की जास्त पॉवर लागेल, म्हणजे आतल्या नद्यांच्या डेल्टावरून परत येताना कार्किनेझच्या खाडीत दुपारचा पश्चिमेचा वारा समोरून आणि ओहोटीचं पाणी त्याच्या उलट, तिथे लाटा इतक्या आखूड आणि उभ्या होतात की थ्रॉटल कमीच करावा लागतो, ७० असो की ९०, टाकी भरून हळूहळू यायचं, दुसरा उपाय नाही.

खरा मुद्दा वजनाचा. सुझुकीचं ५० किंवा ६० चं इंजिन १०४ किलो, ७० चं १५५. म्हणजे ५० किलो जास्त, तेही बोटीच्या अगदी शेवटच्या टोकाला. शीड लावलं की मागची बाजू पाण्यात बसते, पाणी ओढत चालते, हलक्या वाऱ्यात तर बोट मरगळल्यासारखी वाटते. ज्याला शिडाचीच आवड आहे त्याला हे खुपणारच, मला खुपतं.

सेकंडहँड बघायला गेलात तर आधी ट्रान्सम, म्हणजे इंजिन जिथे बसवतात ती बोटीची मागची भिंत, बघा. इंजिनच्या खालच्या टोकाला धरून वर उचला आणि दुसऱ्याला सांगा ट्रान्सम हलतोय का ते बघ. बोल्टच्या आजूबाजूला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका, टणटण आवाज आला तर ठीक, दबका आला तर आत पाणी शिरून लाकूड कुजलंय समजा. माझ्या बोटीचे बोल्ट कुठल्यातरी दुकानाने आतून नुसत्या वॉशरवर आवळले होते, एवढ्या मोठ्या इंजिनला! मी आतून ॲल्युमिनियमची जाड प्लेट टाकून, सगळी भोकं नव्याने सील करून घेतली, मगच पोरांना घेऊन पाण्यात गेलो.

आणि हे कळकळीने सांगतो, टाकी रिकामी असताना ही बोट कलंडली तर आपोआप सरळ होत नाही. टाकी रिकामी, वर छतावर माणसं, ७० चं इंजिन फुल आणि त्यात झटकन वळण, असं कधीही करू नका. रिकाम्या टाकीने जायचं तर पाणी शांत हवं, माणसं कमी आणि सगळी खाली बसलेली. टाकी अर्धवट भरून तर अजिबात नाही, ते पाणी आत एका बाजूला धावतं. पॉवर जेवढी जास्त तेवढं हे जास्त पाळायचं.

कायद्याचं म्हणाल तर बोटीवर कमाल हॉर्सपॉवरची पाटी लावायचा अमेरिकेचा फेडरल नियम २० फुटांखालच्या बोटींना आहे आणि शिडाच्या बोटी त्यातून वगळल्यात, त्यामुळे त्या नियमाने कोणी अडवत नाही. विमावाले मात्र अडवतात. माझ्या आधीच्या विमा कंपनीने मर्यादेपेक्षा मोठं इंजिन ऐकून सरळ नाही म्हटलं, दुसरीने सर्व्हे, म्हणजे बोटीची तज्ज्ञाकडून तपासणी, मागितला.

नवीन इंजिन घेणार असाल तर माझं मत डीएफ६०ए. कागदावर तेही ५० च्या वरच, पण ५० आणि ६० चा ब्लॉक एकच, वजन तेवढंच, त्यामुळे शिडावर बोट बिघडत नाही. ७० लावलेली बोट स्वस्तात मिळत असेल तर घ्या, फक्त ट्रान्सम तपासून आणि विम्याचं उत्तर ईमेलवर लेखी घेऊन, टोकन द्यायच्या आधी.

इंजिनला ५ पैकी ५, या बोटीवर या इंजिनला ३.