रायडर चार मिनिटांत मंजूर झाला, तेव्हाच उठायला हवं होतं

दौऱ्याच्या नावाखाली एका भामट्याने आमच्या बँडचे 1,53,140 रुपये घालवले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण गेले तीन आठवडे जो भेटतो तो पहिलं तेच विचारतो. यातले 87,000 आम्ही आमच्या हाताने, यूपीआयचा पिन टाकून पाठवले. 66,140 दौऱ्याच्या तयारीत गेले. त्या माणसाने आम्हाला टोकन म्हणून दिलेले 15,000 यातून वजा व्हायला हवे होते. ते का होत नाहीत, ते पुढे येईलच.

चारजणांचा बँड, एक साउंड इंजिनिअर, गाणी स्वतःची, मराठी. दौरा ठरला होता आठ दिवसांत पाच शोंचा: कोल्हापूर, बेळगाव, पणजी, हुबळी, बंगळुरू. शोमागे 60,000, राहणं-जेवण आयोजकाचं, गाडी आमची. आमच्यासारख्या बँडला हा आकडा बरा आहे, पण डोळे फिरावेत असा नाही. म्हणूनच संशय आला नाही. कुणी शोला तीन लाख म्हणाला असता तर आम्ही हसून फोन ठेवला असता. भामट्याला बाजारभाव नेमका माहीत होता.

माणूस गोड बोलणारा, मराठीला कोकणी हेल, सगळ्यांना ‘दादा’. पणजीची इव्हेंट कंपनी, प्रायव्हेट लिमिटेड, लेटरहेड, करारपत्र, पाच शहरांची पोस्टर्स. करारावर सही झाली त्याच दिवशी 15,000 खात्यात आले. पैसे आधी त्याने दिले होते, मग पुढे आम्ही काय शंका घेणार! माझा बचाव एवढाच आहे, आणि तो किती लंगडा आहे हे मला कळतं.

आता ती चार मिनिटं.

रायडर म्हणजे शोसाठी स्टेजवर काय काय लागेल त्याची बँडने दिलेली यादी, हे बँडवाल्यांना सांगायला नको. आमचा पाच पानांचा आहे. बावीस चॅनेलची इनपुट लिस्ट, स्टेज प्लॉट, ड्रम ठेवायला आठ बाय आठ फुटांचा उंच रायझर, आम्हाला स्टेजवर ऐकू यावं म्हणून चार मॉनिटर मिक्स, गिटारला एक मार्शल आणि एक फेंडर ट्विन अँप, बेसला अँपेग एसव्हीटी आणि दहा इंची आठ स्पीकरांचा कॅबिनेट. ड्रमर स्नेअर, सिम्बल्स आणि पेडल स्वतःचं आणतो, बाकीचं किट त्यांचं. हा कागद पाठवला की खरा शो म्हणजे नकटीचं लग्न. आयोजक तो त्याच्या साउंडवाल्याला देतो आणि दुसऱ्या दिवशी रडगाणं सुरू होतं. अँपेग नाही, हार्टके आहे, चालेल? ट्विन नाही, रोलंडचा जेसी-120 घ्या. रायझर नाही, दोन पाट जोडून देतो. चार मॉनिटर मिक्स कशाला हो, दोनात भागवा. आजवर एकाही आयोजकाने आमचा रायडर जसाच्या तसा मान्य केलेला नाही. मोठ्या महोत्सवांतही नाही.

याने चार मिनिटांत उत्तर दिलं: ‘बॅकलाइन अॅज पर रायडर, कन्फर्म्ड.’ बॅकलाइन म्हणजे स्टेजवरचे अँप, ड्रम वगैरे सगळं, पाचही शहरांसाठी. हुबळीसकट.

आणि आम्ही खूश झालो. ‘अखेर एक प्रोफेशनल माणूस भेटला,’ असं आमचा बेसिस्ट ग्रुपवर म्हणाला, मी त्याला अंगठा दिला. तो अंगठा अजून तिथेच आहे, रोज दिसतो. पाच पानं नुसती वाचायलाही चार मिनिटं पुरत नाहीत. जो घासाघीस करत नाही त्याला काही आणायचंच नसतं, हे त्या क्षणी डोक्यात यायला हवं होतं, आणि ते माझ्या डोक्यात यायला हवं होतं, कारण रायडर मी लिहितो.

पुढचा क्रम तुम्ही ओळखला असेलच. 9 डिसेंबरला 23,600: गाणी वाजवण्याच्या लायसन्स फीचा ‘बँडचा वाटा’, वीस हजार अधिक अठरा टक्के जीएसटी. 12 डिसेंबरला 45,000: भाड्याच्या बॅकलाइनचं परत मिळणारं डिपॉझिट. 16 डिसेंबरला 18,400: जानेवारीत गोव्यात खोल्या मिळत नाहीत, दोन रात्रींचं ब्लॉकिंग तुमच्या नावाने करू, कोल्हापूरच्या शोला हातात परत देतो. तीन वेळा तीन वेगळी खाती, तिन्ही माणसांच्या नावाची. यूपीआयवर पैसे जाण्याआधी नाव दिसतं, तेच तर बघायचं असतं. विचारलं तर म्हणाला, कंपनीच्या खात्याची आजची लिमिट संपली, हे आमच्या अकाउंटंटचं खातं. लिमिट पैसे पाठवायला असते. पैसे घ्यायला कसली लिमिट?

प्रत्येक कारणात थोडं खरं होतं, म्हणून ते गळ्याखाली उतरलं. बॅकलाइनवाले डिपॉझिट मागतात हे खरं, पण ते आयोजकाकडे. बँडकडे कधीच नाही. लायसन्स लागतं हेही खरं, पण ते काढायचं आयोजकाने, आणि पावती लायसन्स देणाऱ्या संस्थेची येते, इव्हेंट कंपनीची नाही. त्यातही याच्या बिलावर लिहिलं होतं ‘पीपीएल’. पीपीएल ही लायसन्स देणारी एक संस्था, पण तिचं काम रेकॉर्ड केलेल्या गाण्यांचं. मध्यंतरात डीजे गाणी लावणार असेल तर त्याचा संबंध. स्टेजवर प्रत्यक्ष वाजवण्याचा संबंध शब्द आणि चालीच्या हक्कांशी, म्हणजे आयपीआरएस या दुसऱ्या संस्थेशी. हे मला माहीत होतं. दुसऱ्या बँडना मी हे समजावून सांगितलेलं आहे. तरीही पैसे पाठवले, कारण तीन लाखांच्या मानाने 23,600 किरकोळ वाटले, आणि तारखा हातच्या जातील ही भीती होती. जानेवारीतल्या पाच तारखा सोडून देणारा छोटा बँड मला दाखवा.

बिलावरचा जीएसटी नंबर आम्ही घटना घडून गेल्यावर वाचला. पंधरा अक्षरांच्या त्या नंबरात सगळी कुंडली असते. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र 27, कर्नाटक 29, गोवा 30. पणजीच्या या कंपनीचा नंबर 07 ने सुरू होत होता, म्हणजे दिल्ली. पुढची दहा अक्षरं पॅन, आणि पॅनचं चौथं अक्षर मालक कोण ते सांगतं. कंपनी असेल तर ‘सी’, एकटा माणूस असेल तर ‘पी’. इथे ‘पी’. प्रायव्हेट लिमिटेड म्हणे! जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता नंबर टाकला की धंद्याचं नाव येतं. तिथे आलेल्या नावाचा संगीताशी काडीचा संबंध नव्हता. कुणाचा तरी नंबर उचलून चिकटवला होता. अर्ध्या मिनिटाचं काम, आम्ही एक महिना उशिरा केलं. दुसरं, पाच शोंचे तीन लाख देणारी कंपनी टीडीएस कापते, आणि त्यासाठी बँडकडे पॅन मागतेच मागते. याने शेवटपर्यंत मागितला नाही. पैसे देणार असता तर मागितला असता.

वेळापत्रकही आता वाचवत नाही. कोल्हापूर, खुलं लॉन, आमचा सेट रात्री 10:30 ते 12. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा नियम 2000 सालापासून आहे. राज्य सरकार वर्षात मोजके दिवस बारापर्यंत सवलत देतं, पण ते सणावारांचे. आपला प्रत्येक शो पावणेदहाला घड्याळाकडे बघत संपतो, आणि आम्ही हे वेळापत्रक छापून गाडीच्या काचेला लावलं.

10 जानेवारीला पहाटे पाचला पुण्यातून निघालो. सतरा सीटर टेम्पो ट्रॅव्हलर, मागच्या दोन रांगा काढून त्यात सामान. कोल्हापूर 230 किलोमीटर, लोड-इन, म्हणजे स्टेजवर सामान चढवणं, एक वाजता, साउंडचेक दोनला. पावणेबाराला लॉनवर पोहोचलो. स्टेज होतं. त्याच्यावर लाल मखमलीचा सोफा होता, मागे थर्माकोलचे दोन मोर, आणि केटररची पोरं नळाखाली कढया घासत होती. मांडववाल्याने आमच्या ड्रमच्या पेट्या बघून विचारलं, ‘बेंजोवाले का? वरात संध्याकाळी सहाला हाय.’ त्याच सुमारास आयोजकाचा फोन बंद झाला होता. लॉनच्या मालकाला एक फोन केला असता तर हे डिसेंबरातच कळलं असतं.

तयारीत गेलेले 66,140 असे. गाडी दोन दिवस, रोजचे किमान 300 किलोमीटर धरून, किलोमीटरला 26 ने 15,600. ड्रायव्हरचा भत्ता 1,000, टोल-पार्किंग 1,340. सरावाची जॅमरूम सहा दिवस, रोज चार तास, तासाला 500, म्हणजे 12,000. कीबोर्डवाल्याने आठ दिवस राखून ठेवले होते, त्याला 6,000. तो नको म्हणत होता, पण त्याची काय चूक? कोल्हापुरात तीन खोल्या, 4,200. आणि 26,000 चे टी-शर्ट, शंभर नग, पाठीवर पाच शहरं आणि पाच तारखा.

आता सरकारी दारं. 1930 ला त्याच दुपारी फोन लावला, तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला. पण शेवटचे पैसे पाठवून पंचवीस दिवस झाले होते. हा नंबर पैसे गेल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत लावायचा असतो, तेव्हाच रक्कम मधल्या कुठल्यातरी खात्यात अडकवता येते. आमचं हे चुकलं ते चुकलं. पण त्यानंतर जे झालं त्याला काय म्हणायचं? कोल्हापुरातल्या ठाण्यात म्हणाले, पैसे पुण्यातून गेले, पुण्याला जा. पुण्यातल्या चौकीत म्हणाले, प्रकार कोल्हापूरचा आहे, इथे कशाला आलात? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडो, तक्रार घ्यावीच लागते. हे सांगितलं तर साहेब म्हणाले, ‘वकील आहात का?’ मग ‘करार झालाय ना, मग ही दिवाणी बाब.’ खोटी कंपनी, उचललेला नंबर, शो ठरलाच नाही अशी जागा, ही दिवाणी बाब? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 मग कशासाठी आहे? एकाने विचारलं, ‘बँड म्हणजे लग्नाचा?’ नाही म्हटल्यावर, ‘मग तीन लाख कशाचे देणार होता तो?’ या प्रश्नाला माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. चार खेपा झाल्या. लेखी अर्ज दिला, पोच मागितली, तर शिक्का जागेवर नाही. पोच घेतल्याशिवाय हलू नका, अर्ज रजिस्टर पोस्टाने अधीक्षकांना किंवा आयुक्तांनाही पाठवा, हे आम्हाला चौथ्या खेपेला सुचलं. बँकेने तर एका वाक्यात हात झटकले: पिन तुम्ही टाकलात. बँकेचं उत्तर तीस दिवसांत आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पण स्वतः टाकलेल्या पिनसाठी तिथेही फार आशा ठेवू नका.

तुमच्याकडे असा दौरा आला तर आयोजकाला पहिला प्रश्न हा टाका: साउंड कुणाचा? त्याचा नंबर द्या. प्रत्येक शहरात मोठ्या शोला साउंड देणारे दोन-चारच असतात आणि आपला इंजिनिअर त्यांतल्या एकाला तरी ओळखतो. त्याला विचारा, त्या तारखेला बुकिंग आहे का, कन्सोल कोणता, जनरेटर किती केव्हीएचा. खोटा माणूस लेटरहेड छापेल, पण जनरेटरचा आकडा विचारला की अडखळतो. रायडरमध्ये मुद्दाम एक अवघड वस्तू घाला. ती नाही म्हणून रड आली की समजा माणूस खरा. पन्नास टक्के आगाऊ आल्याशिवाय गाडी, जॅमरूम, छपाई, कशालाही हात लावू नका. आणि बँडने आयोजकाला द्यायचे पैसे शून्य, कारण काहीही असो.

राहिले ते 15,000. मागच्या सोमवारी डिझेलचे पैसे देताना बँडच्या खात्यातून व्यवहार होईना. बँकेत गेलो तर 15,000 वर लियन, म्हणजे तेवढी रक्कम अडवून ठेवलेली, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांच्या मेलवरून. ते टोकन त्या भामट्याच्या खात्यातून आलंच नव्हतं. त्याने आणखी कुणाला तरी गंडवलं आणि त्याला आमचा यूपीआय आयडी देऊन पैसे सरळ इकडे वळवले. आमच्या अर्जाला तीन आठवड्यांत पोच मिळत नाही आणि हा लियन मेल आला त्याच दिवशी लागला. तो उठवायला तिकडच्या तपास अधिकाऱ्याचं पत्र लागतं, त्यांचा लँडलाइन वाजत राहतो. स्टेटमेंटवर पाठवणाऱ्याचं नाव आहे, समोर शेरा आहे ‘बॅकलाइन डिपॉझिट’. म्हणजे तोही बँडवालाच. त्याच्या तक्रारीत पैसे घेणारे म्हणून आमचं नाव आहे, आणि गुरुवारी जबाब द्यायला आम्हाला बोलावलं आहे.