ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटर: नऊ महिने घरच्या बोर्डावर आणि रंगमंचावरच्या डिमरवर

आमच्या हौशी नाट्यगटाची प्रकाशयोजना मी सांभाळते. क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती पकड लावून प्रवाह मोजणारा मीटर, घेतला तो त्यासाठीच, पण नऊ महिन्यांत तो घरातही तितकाच वापरला गेला. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही. या क्षमतेचे मीटर अनेक कंपन्या करतात, आणि घेताना नावापेक्षा पेटीवरच्या तीन गोष्टी बघायच्या असतात: ट्रू आरएमएस (लहर कशीही असली तरी खरा परिणामी प्रवाह दाखवणं), लो-झेड (वायरवर थोडा भार टाकून व्होल्ट मोजणं) आणि कॅट थ्री ६०० व्होल्ट (मीटर किती दाबाच्या वायरिंगवर सुरक्षित आहे, त्याचा दर्जा). माझ्या मीटरमध्ये तिन्ही आहेत. इनरशही (उपकरण सुरू होतानाचा क्षणिक प्रवाह मोजणं) आहे, पण तो मी फारसा वापरला नाही.

पहिल्यांदाच हाताळत असाल तर एक सांगते. पकडीत एकच वायर घ्यायची. फेज आणि न्यूट्रल दोन्ही असलेली अख्खी केबल पकडलीत तर जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना रद्द करतात आणि पडद्यावर शून्य दिसतं. केबलचं वरचं आवरण कापून वायर बाहेर काढणं हा त्यावरचा उपाय नाही. दोन वायर वेगळ्या काढलेला लाइन स्प्लिटर मिळतो, तो प्लग आणि सॉकेटच्या मध्ये लावायचा.

आता डिमर, म्हणजे दिवे मंद करणारं उपकरण. माझ्या मते या मीटरचे पैसे तिथेच वसूल झाले. तीन फेजचा डिमर रॅक, प्रत्येक फेजवर १००० वॅटचे दोन हॅलोजन स्पॉट. सगळे फेडर (उजेड कमीजास्त करणाऱ्या सरकत्या दांड्या) पूर्ण वर असताना प्रत्येक फेजला ८.७ अँपिअर आणि न्यूट्रलला जवळजवळ काही नाही. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे. मग संध्याकाळच्या प्रवेशासाठी सगळे फेडर साधारण मधोमध आणले. फेजचा प्रवाह ७.२ वर उतरला आणि न्यूट्रलचा १० च्या वर चढला. दिवे मंद झाले होते आणि न्यूट्रल पूर्ण उजेडातल्या कुठल्याही फेजपेक्षा जास्त प्रवाह वाहत होती. पकड बदलून, दुसऱ्या जागी लावून तीनदा बघितलं. आकडा तोच.

कारण समजून घ्यायला दोन संध्याकाळी गेल्या. पूर्ण उजेडात तिन्ही फेजच्या लहरी न्यूट्रलमध्ये एकमेकींना पुसून टाकतात. डिमर मात्र प्रत्येक अर्ध्या लहरीचा पुढचा भाग कापून टाकतो. उरलेले तुकडे वेगवेगळ्या वेळी येतात, एकमेकांच्या समोर नीट येत नाहीत, त्यामुळे पुसलेही जात नाहीत. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात १५० हर्ट्झचा जो घटक तयार होतो तो तर तिन्ही फेजचा मिळून सरळ बेरजेने न्यूट्रलमध्ये जमा होतो. न्यूट्रलला एमसीबीचं (प्रवाह वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचचं) संरक्षण बहुतेक ठिकाणी नसतं, म्हणजे ती तापली तर तोडायला कोणी नाही. रॅकला जाणाऱ्या केबलची न्यूट्रल फेजपेक्षा बारीक असेल तर ती आजच बदलून घ्या. आमची फेजइतकीच जाड होती. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून तिचे सगळे जोड मी पुन्हा आवळून घेतले.

हे जुन्या मीटरवर दिसलं नसतं का? दिसलं असतं, पण आकडे चुकीचे आले असते. साधा मीटर लहरीची सरासरी काढतो आणि तिला १.११ ने गुणून आरएमएस म्हणून दाखवतो. शुद्ध साइन लहरीला हे बरोबर लागू पडतं. अर्धी कापलेली लहर आली की गणित बिघडतं. त्याच फेजवर जुना मीटर लावून बघितला तर तो ७.२ ऐवजी ५.१ दाखवत होता. एवढ्या फरकावर विसंबून कोणी आणखी एक स्पॉट जोडला तर काय होईल, ते सांगायला नको. डिमरवर काम करणाऱ्याने ट्रू आरएमएस नसलेला मीटर घेऊच नये, यावर मी ठाम आहे.

(एलईडी फिक्स्चरबद्दल मला वारंवार विचारलं जातं. त्यांची वीज डिमर चॅनलमधून द्यायची नाही, थेट पुरवठ्यावरून द्यायची. मंद करायचं काम डीएमएक्सवरून, म्हणजे दिव्यांना आज्ञा पाठवणाऱ्या सिग्नल केबलवरून होतं. याच मीटरच्या ओहम रेंजवर डीएमएक्स लाइनही तपासता येते. सगळं बंद करून, केबल दोन्हीकडे फिक्स्चरपासून सोडवून, एका टोकाला टर्मिनेटर, म्हणजे लाइनच्या शेवटी लावायचा १२० ओहमचा रोधक, लावायचा आणि दुसऱ्या टोकाला २ आणि ३ नंबरच्या पिनमध्ये मोजायचं. १२० ओहमच्या आसपास आलं पाहिजे.)

घरी पहिला उपयोग झाला जिन्यातल्या बल्बसाठी. दोन ठिकाणांहून चालणारा स्विच, एलईडी बल्ब, आणि बंद केल्यावरही रात्रभर मिणमिणणारा उजेड. आईला वाटायचं कुठेतरी करंट उतरतोय. नेहमीच्या व्होल्ट रेंजवर होल्डरमध्ये ७० व्होल्टच्या आसपास आले. लो-झेडवर टाकताच आकडा २ व्होल्टवर आला. शेजारून लांबवर जाणाऱ्या चालू वायरमुळे बंद वायरवर असा नुसता नावाचा दाब येतो. त्याच्यामागे ताकद नसते, पण एलईडीला उजळायला तेवढं पुरतं. तरीही स्विच फेजच तोडतोय की न्यूट्रल, हे अर्थिंगच्या संदर्भाने तपासलंच पाहिजे, कारण न्यूट्रल तोडणारा स्विच असेल तर दिवा बंद असतानाही होल्डर जिवंत राहतो. आमच्याकडे स्विच बरोबर होता. बल्बच्या समांतर एक छोटा कपॅसिटर बसवून घेतला आणि मिणमिणणं थांबलं.

दुसरा प्रसंग जास्त गंभीर होता. २००० वॅटचा हीटर लावला की एक बोर्ड कोमट व्हायचा. हीटर बंद असताना तिथे २३१ व्होल्ट, चालू केल्यावर त्याच बोर्डावरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये २२३. त्याच सर्किटवर आधी येणाऱ्या बोर्डावर मात्र २२८. म्हणजे मधल्या थोड्याशा अंतरात ५ व्होल्ट गायब. हीटरचा प्रवाह ८.४ अँपिअर होता. गुणाकार करा: सुमारे ४० वॅट. सोल्डरिंग आयर्नइतकी उष्णता भिंतीतल्या एका जोडावर निघत होती. मुख्य स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला तेव्हा न्यूट्रलचा स्क्रू सैल निघाला आणि वायरचं आवरण तपकिरी पडलेलं होतं. एमसीबी यात कधीच पडला नसता, कारण प्रवाह जास्त नव्हताच. ते तपकिरी आवरण बघितल्यापासून घरातल्या प्रत्येक जड लोडच्या बोर्डाचं असं मोजमाप मी केलं आहे. सर्वांनी करून घ्यावं असं मनापासून वाटतं.

आता खटकलेल्या गोष्टी. कंटिन्युटीचा बीप बंद करता येत नाही, आणि बटण दाबलं तरी मीटर वाजतो. प्रयोग चालू असताना विंगेत तो बाहेर काढणं शक्य नाही. बॅकलाइट पांढरा आणि फार प्रखर आहे, ब्लॅकआउटमध्ये पहिल्या रांगेपर्यंत दिसतो. त्यावर लाल जेलचा, म्हणजे दिव्यांवर लावायच्या रंगीत फिल्टरचा, तुकडा चिकटवला आहे. १५ मिनिटांनी मीटर आपोआप बंद होतो, म्हणून लांबलचक क्यूमधला (प्रकाशबदलातला) सर्वांत मोठा प्रवाह नोंदवायला ठेवला तर नोंद पुसली जाते. पकडीचे जबडे जाड आहेत, दाटीवाटीच्या डीबीमध्ये (वीज वाटणाऱ्या मुख्य पेटीत) घालताना त्रास होतो. जबड्यांच्या टोकांवर धूळ बसली की ते पूर्ण मिटत नाहीत आणि आकडा कमी येतो. मी दर महिन्याला कोरड्या कापडाने पुसते.

वायरला न टेकता दिवा लावून दाखवणारी एनसीव्ही सोयही आहे. ती लागली तर सावध व्हा, पण लागली नाही म्हणून वायर मेली असं धरू नका. मी आधी चालू असलेल्या सॉकेटवर मीटर तपासते, मग जिथे काम करायचं तिथे प्रोब लावून मोजते, आणि पुन्हा चालू सॉकेटवर तपासते. मधल्या वेळात मीटरच बंद पडला असेल तर तिसऱ्या मोजणीत कळतं.

सर्वांत मोठी उणीव लीकेजची, म्हणजे अर्थिंगकडे गळणारा प्रवाह मोजण्याची. रंगीत तालमीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) दोनदा पडला, आणि हा मीटर मला काहीच सांगू शकला नाही, कारण त्याचा सर्वांत लहान टप्पाच १० मिलिअँपिअरचा आहे. असा आरसीसीबी १५ ते ३० च्या मध्ये कुठेही पडू शकतो. फिक्स्चर, लॅपटॉप, अँप्लिफायर यांच्या फिल्टरमधून थोडा थोडा प्रवाह अर्थिंगला जातच असतो आणि एका आरसीसीबीवर तो साचत जातो. शेवटी एकेक उपकरण काढत शोधावं लागलं. पाणी गेलेली एक एक्स्टेन्शन सापडली. तोपर्यंत तालमीचा दीड तास गेला होता. कोणीतरी अर्थिंगची पिन काढून टाका असं सुचवलं. ते मी होऊ दिलं नाही, आणि कोणीही होऊ देऊ नये.

मिलिअँपिअरचे अंश दाखवणारा लीकेज क्लॅम्प वेगळा मिळतो. अर्थिंगची वायर वगळून फेज आणि न्यूट्रल एकत्र पकडीत घ्यायच्या, जाणारा आणि येणारा प्रवाह रद्द होऊन जे उरतं ती गळती, आणि ती मोजायचं काम त्याचंच. गटाच्या सामानाच्या यादीत तो आता पहिल्या क्रमांकावर लिहिला आहे, नव्या स्पॉटच्याही वर.