‘निगेटिव्ह’ कशाचा, ते विचारा

चिंगी घरी आली तेव्हा दहा आठवड्यांची होती. सयामी मांजर, निळ्याशार डोळ्यांची, पडद्यावर सरसर चढणारी. नाशिकरोडच्या एका घरगुती ब्रीडरला 22,000 रुपये मोजले. पावती मागितली तर म्हणाला, “ताई, आपल्यात पावती कशाला?” तिथूनच उठायला हवं होतं. पण त्याने मोबाइलवर आईबापांचा डीएनए रिपोर्ट दाखवला, ठळक अक्षरांत ‘निगेटिव्ह’, आणि मी विरघळले.

साडेतीन महिन्यांची झाली आणि वाटीशी वाकली की तिचं डोकं थरथरायला लागलं. मग मागचे पाय फाकू लागले. उडी मारायला जायची आणि धपकन कुशीवर पडायची. ब्रीडर म्हणाला, कॅल्शियम कमी आहे. स्वतःकडचं सिरप 650 रुपयांना दिलं, तेही दोनदा. महिना त्यातच गेला.

गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी तिला फरशीवर चालवून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, “आईबाप नात्यातले का?” गालाच्या आतला स्वॅब तपासायला गेला. जीएम1 गँग्लिओसिडोसिस. मेंदू आणि मज्जातंतूंच्या पेशींतला एक चरबीसारखा पदार्थ फोडणारं एन्झाइम काम करत नाही, तो पदार्थ साठत जातो आणि पेशी मरतात. सयामी आणि कोराट जातींत हा दोष वंशातून येतो. बरं करणारं औषध नाही. पुढे नजर जाते, झटके येतात.

मग हट्टाने तो रिपोर्ट अख्खा मागवला. तपासणी होती पीकेडीची, मुख्यतः पर्शियन मांजरांत आढळणाऱ्या मूत्रपिंडाच्या आजाराची! निगेटिव्ह खराच, फक्त भलत्याच रोगाचा. मला दाखवलेल्या फोटोत वरची ओळ कापलेली होती. कागदावर मायक्रोचिपचा, म्हणजे ओळखीसाठी कातडीखाली बसवतात त्या चिपचा, नंबरही होता. त्याच्या मांजरांना चिपच नाही, म्हणजे रिपोर्टही दुसऱ्याच कुणाचा.

“आईबाप बघा किती ठणठणीत” हे त्याचं पालुपद. ठणठणीत असणारच, दोघं नुसते वाहक, म्हणजे दोष अंगात, पण स्वतःला आजार नाही. अशा जोडीच्या दर पिल्लाला आजाराची शक्यता चारात एक. बोका आणि मांजर सख्खी भावंडं निघाली, हे नंतर त्याच्याच तोंडून कळलं. 2018 च्या पेट शॉप नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आहे का, विचारलं, म्हणे, “मी दुकानदार थोडाच, हौशी आहे.”

चिंगीची बहीण पंचवटीत एका काकूंकडे आहे. फोन केला. ती अगदी धडधाकट, पण तीही वाहक असण्याची शक्यता तिनात दोन. पुढच्या महिन्यात तिच्यासाठी बोका आणायचं ठरलं होतं, त्याच ब्रीडरकडचा.