एमबीए फायनान्सच्या पावतीवर १८ टक्के जीएसटी दिसला, तर तिथेच थांबा

आधी आकडा सांगतो, म्हणजे पुढचा राग कुठून येतो ते कळेल. 'एमबीए फायनान्स' म्हणून विकलेल्या कोर्सपायी एका विद्यार्थ्यामागे ₹८,१३,२४० गेले. त्यातले ₹१,०८,००० प्रवेशाच्या वेळी रोख भरले: सीट अडवायला ₹५०,००० आणि आठवड्याभरात उरलेले ₹५८,०००. ₹६,००,००० चं कर्ज, त्यावर दोन वर्षांचं व्याज ₹८४,०००. कर्जाची प्रोसेसिंग फी ₹१८,००० आणि तिच्यावरचा जीएसटी ₹३,२४०. बदल्यात हातात आलं ते एका खासगी कंपनीचं चकचकीत सर्टिफिकेट आणि क्रेडिट कार्ड विकायची नोकरी.

अशा फसवणुकीचा बाकीचा साचा सगळ्यांना पाठ आहे. सीईटीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवसापासून 'काउन्सेलर'चे, म्हणजे प्रवेश विकणाऱ्यांचे, फोन, 'शेवटच्या तीन सीट', 'आज भरलं तर स्कॉलरशिप'. त्यात वेळ घालवत नाही. लोक 'तपासलं नाही का?' असं ज्या सुरात विचारतात, त्यांच्यासाठी मात्र सांगायलाच हवं की तपासलं होतं. वर्ग भरायचे ती इमारत खरी होती. ती एका मान्यताप्राप्त कॉलेजची, शनिवार-रविवार भाड्याने घेतलेली. माहितीपत्रकात छापलेलं एआयसीटीईचं, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेचं, मान्यतापत्र खरं होतं, पण त्याच कॉलेजचं. एआयसीटीईच्या पोर्टलवर कॉलेजचं नाव शोधलं तर तेही सापडत होतं. पैसे तेवढे गेले तिसऱ्याच प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या खात्यात. म्हणून नुसतं नाव शोधून काही होत नाही. मान्यतापत्रावर संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव, मंजूर जागा आणि मान्यतेची मुदतवाढ कोणत्या शैक्षणिक वर्षाची आहे, हे सगळं असतं. ते पावतीवरच्या आणि बँक खात्यावरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. 'आमचीच सिस्टर कंपनी आहे' हे उत्तर आलं की उठून चालू लागा.

एमबीए ही पदवी आहे. ती देण्याचा अधिकार यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा, १९५६ च्या कलम २२ प्रमाणे विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. आयआयएमसुद्धा २०१७ चा कायदा येईपर्यंत डिप्लोमाच देत होत्या. एआयसीटीईच्या मान्यतेने स्वायत्त संस्था देतात तो पीजीडीएम, म्हणजे व्यवस्थापनाचा पदव्युत्तर डिप्लोमा. आणि पीजीपी म्हणजे नुसता 'पोस्ट ग्रॅज्युएट प्रोग्राम'; 'पीजीपी इन इन्व्हेस्टमेंट बँकिंग' हे तर कोणीही लेटरहेडवर छापू शकतं. माहितीपत्रकात 'एमबीए (फायनान्स) + पीजीपी' असं होतं. त्यातलं एमबीए म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या एका विद्यापीठाची ऑनलाइन पदवी, जिची थेट फी ₹१,३०,००० होती. उरलेले सगळे पैसे त्या 'अधिक'चे. त्यातही अर्ध्या मुलांची विद्यापीठात नोंदणीच झालेली नव्हती. ऑनलाइन एमबीएला आता यूजीसीच्या पोर्टलवर विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाने डीईबी (दूरशिक्षण ब्युरो) आयडी तयार करावा लागतो. तो तुम्ही स्वतः तयार केला नसेल, तर तुमचा प्रवेश झालेला नाही. काउन्सेलर काहीही म्हणो.

आता ती पावती. तिची पीडीएफ आजही उघडली की डोकं तडकतं. तपशिलाच्या रकान्यात 'प्रोफेशनल ट्रेनिंग चार्जेस'. शेजारी सॅक, म्हणजे जीएसटीतला सेवेचा, कोड ९९९२९३. करपात्र मूल्य ₹६,००,०००. सीजीएसटी ९ टक्के, ₹५४,०००. एसजीएसटी ९ टक्के, ₹५४,०००. एकूण ₹७,०८,०००. सगळं पांढऱ्यावर काळं, काहीही न लपवता. कायद्याने मान्य असलेल्या पदवीसाठी शैक्षणिक संस्था विद्यार्थ्याला जे शिकवते, त्याच्या फीवर जीएसटी नाही. २०१७ पासून ती सूट आहे. आणि ९९९२९३ हा कोड आहे व्यावसायिक प्रशिक्षण व कोचिंगचा. म्हणजे कंपनीने स्वतःच्या सहीने लिहून दिलं होतं की आम्ही शिकवतोय ती पदवी नाही, हा क्लास आहे. अख्खी फसवणूक त्या एका ओळीत होती. विचारल्यावर काउन्सेलरचं उत्तर काय? 'सर, जीएसटी आता सगळ्यावरच लागतो ना.' आणि ते पटलं! कारण हॉटेलच्या बिलावर लागतो, मोबाइलच्या रिचार्जवर लागतो, मग फीवर का नाही? त्याच वर्गात महिनाभराने अप्रत्यक्ष करांच्या तासाला सूट असलेल्या सेवांची यादी शिकवली गेली. शिकवणाऱ्यालाही काही वाटलं नसेल का, हा प्रश्न आहेच.

(नामांकित संस्थांच्या छोट्या सर्टिफिकेट कोर्सवरही जीएसटी असतो आणि त्यात गैर काही नाही. पण त्या त्याला पदवी म्हणत नाहीत.)

कर्जाचा भाग फायनान्सच्या मुलांना सांगायचा म्हणजे जखमेवर मीठ, तरी सांगतो. 'फक्त ७ टक्के' असं सांगितलं गेलं. ते होतं फ्लॅट. सहा लाखांवर ७ टक्क्यांनी दोन वर्षांचे ₹८४,०००, एकूण ₹६,८४,०००, भागिले २४, हप्ता ₹२८,५००. मुद्दल दर महिन्याला कमी होत जातं, व्याज मात्र शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण सहा लाखांवर. एक्सेलमध्ये रेट फंक्शन उघडा: मुदत २४, हप्ता उणे २८५००, रक्कम ६०००००, उत्तराला १२ ने गुणा. १२.९ टक्के येतात. आता प्रोसेसिंग फी आणि तिचा जीएसटी मिळून गेलेले ₹२१,२४० वजा करून रक्कम ५७८७६० घाला. १६.६ टक्के! सात म्हणून विकलेलं सोळाच्या पुढे. हे गणित पहिल्या सेमिस्टरच्या तिसऱ्या आठवड्यातलं आहे आणि सही त्याच्या दोन महिने आधीची.

वर सही म्हणजे कसली, तर काउन्सेलरच्या टॅबवर ओटीपी. त्याने स्क्रीन भराभर वर सरकवली, ओटीपी विचारला, झालं. 'की फॅक्ट स्टेटमेंट' (केएफएस), म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचं पत्रक, त्या पानांमध्ये होतं आणि त्यात वार्षिक टक्केवारी दर, एपीआर, नीट छापलेला होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांना हे पत्रक आरबीआयने सक्तीचं केलंय. ते आधी ईमेलवर मागवा, घरी जाऊन वाचा, एपीआरच्या आकड्याशिवाय दुसरा कुठलाही दर मानू नका. डिजिटल कर्जात कूलिंग-ऑफ कालावधीही असतो. तो केएफएसमध्ये लिहिलेला असतो, आणि तेवढ्या दिवसांत मुद्दल व त्या दिवसांचं व्याज फेडून दंड न भरता बाहेर पडता येतं. पण काउन्सेलरला हे ठाऊक असतं, म्हणून पहिले काही दिवस तो रोज गोड बोलतो. 'व्याजावर आयकरात ८०ई ची सवलत मिळेल' हेही ऐकवतात. ती फक्त जुन्या करप्रणालीत, आणि कर्ज देणारी एनबीएफसी (बँक नसलेली वित्तसंस्था) त्यासाठी अधिसूचित असेल तरच.

प्लेसमेंट. '९५ टक्के, सरासरी ५.६८ लाख'. दोन्ही आकडे खरे, दोन्ही निरुपयोगी. बॅच ९० ची. त्यातली ४२ मुलं 'पात्र व इच्छुक' ठरवली: ज्यांची हजेरी ८० टक्क्यांखाली, ज्यांनी एखादी मुलाखत नाकारली, ज्यांचा हप्ता थकला, ते सगळे वगळले. ४० जणांना नोकरी. ४२ पैकी ४० म्हणजे ९५ टक्के; ९० पैकी ४० म्हणजे ४४. आणि सरासरी? ३८ जणांना ४.५ लाख, दोघांना २८ लाख (दोघेही आधीच्या अनुभवाच्या जोरावर), बेरीज २२७ लाख, भागिले ४०. मध्यक, म्हणजे रांगेत मधोमध येणारा पगार, साडेचार लाखच. जिथे जाल तिथे मध्यक आणि छेदातला आकडा मागा. एनआयआरएफमध्ये, म्हणजे केंद्राच्या संस्था-क्रमवारीत, भाग घेणाऱ्या संस्थांना मध्यक पगार जाहीर करावा लागतो, ती पीडीएफ संस्थेच्या संकेतस्थळावर असते. ती नसेल, तर सरासरी ऐकूच नका.

त्या साडेचार-पाच लाखांचंही शवविच्छेदन करून टाकू. एक ऑफर लेटर: सीटीसी, म्हणजे कंपनीला पडणारा वर्षाचा एकूण खर्च, ₹४,८०,०००. त्यात टार्गेट गाठलं तरच मिळणारे ₹१,८०,०००. उरले तीन लाख. मूळ वेतन दीड लाख, म्हणून कंपनीचा पीएफ ₹१८,००० आणि ग्रॅच्युइटी ₹७,२१५, दोन्ही सीटीसीतच. तेवढाच ₹१८,००० कर्मचाऱ्याचा पीएफ, व्यवसाय कर ₹२,५००. हातात महिन्याला ₹२१,१९०. हप्ता ₹२८,५००. पदाचं नाव? 'असोसिएट, वेल्थ मॅनेजमेंट'. काम मॉलच्या दाराशी स्टॉल लावून कार्डाचे फॉर्म भरून घ्यायचं. प्लेसमेंटच्या हमीपत्रात 'फायनान्स क्षेत्रातील नोकरी' असं लिहिलं होतं, आणि बँक हे फायनान्स क्षेत्रच. शाब्बास.

'सीएफए इंटिग्रेटेड' या शब्दांना तर अजिबात भुलू नका. सीएफए ही गुंतवणूक विश्लेषकांची आंतरराष्ट्रीय परीक्षा; तिच्या तिन्ही लेव्हल स्वतः द्याव्या लागतात, वर किमान ३६ महिन्यांत ४,००० तासांचा कामाचा अनुभव. कोणताही वर्ग त्यात तुमच्यासाठी काही 'इंटिग्रेट' करू शकत नाही. फार तर पुस्तकं वाटेल.

आता सरकारी दारं. एआयसीटीईकडे तक्रार केली. उत्तर आलं की संबंधित कंपनी मान्यताप्राप्त नाही, सबब ती परिषदेच्या अखत्यारीत येत नाही. म्हणजे मान्यता न घेता धंदा केला की देखरेखच संपली! यूजीसीने कळवलं, पीजीपी ही पदवी नसल्याने आमचा विषय नाही. उच्च शिक्षण विभागाने अर्ज तंत्रशिक्षणाकडे पाठवला, तंत्रशिक्षणाने एआयसीटीईकडे. केंद्राच्या तक्रार पोर्टलवर 'निकाली' असा शेरा पडला. निकाल काय लागला ते लिहिलेलं नाही. पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदाराने कागद चाळले आणि सांगितलं, 'काका, पैसे तुम्हीच दिलेत, सही तुमचीच आहे. हे दिवाणी मॅटर, वकील गाठा.' सायबरवाले म्हणाले, यात ऑनलाइन फसवणूक कुठे आहे? कर्ज देणाऱ्या कंपनीचं म्हणणं, आमचा करार वेगळा, कोर्स कसा निघाला त्याच्याशी आमचा संबंध नाही. काउन्सेलर मात्र दोघांचं एकत्र कमिशन घेत होता, तेव्हा संबंध होता. आणि जीएसटी खातं? त्यांचे ₹१,०८,००० वेळेवर पोचलेत. त्यांची काहीच तक्रार नाही.

पोलिसांनी तोंडी परत पाठवलं तर गप्प बसायचं नसतं. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. नोंदवून घेत नसतील तर बीएनएसएसच्या, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या, कलम १७३(४) प्रमाणे तीच तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांकडे, तिथेही हलले नाहीत तर दंडाधिकाऱ्यांकडे. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेचं (बीएनएस) ३१८(४), जुनं ४२०. एकेकट्याने जाऊ नका. एकाच पावतीचे वीस नमुने टेबलावर पडले की 'दिवाणी' म्हणणं अवघड जातं.

ग्राहक आयोगातली गंमत ऐका. तिथे कंपनीच्या वकिलाने सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल काढला: शिक्षण ही सेवा नाही, विद्यार्थी ग्राहक नाही, तक्रार फेटाळा. एआयसीटीईपुढे 'आम्ही ट्रेनिंग कंपनी', आयोगापुढे 'आम्ही शिक्षणसंस्था'. इथे तीच कपाळकरंटी पावती कामी येते. राष्ट्रीय आयोगाने जानेवारी २०२० च्या निकालात शिक्षणसंस्था बाहेर ठेवल्या, पण कोचिंग क्लास ग्राहक कायद्यात येतात असं म्हटलंय. आणि ९९९२९३ कोड लावून कर वसूल करणारा स्वतःला कोचिंगच म्हणवतोय. पावती तक्रारीला पहिलं परिशिष्ट म्हणून जोडा. पन्नास लाखांपर्यंतचा मोबदला जिल्हा आयोगात चालतो, पाच ते दहा लाखांना शुल्क ₹२००, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. तारखा मात्र पडत राहतात.

मूळ गुणपत्रिका 'व्हेरिफिकेशन'साठी कोणाकडे ठेवू नका. मान्यताप्राप्त संस्थेलाही त्या अडकवून ठेवायला यूजीसी आणि एआयसीटीई, दोघांचीही मनाई आहे. दाखवा, परत घ्या.

आणि ज्यांचं कर्ज चालू आहे त्यांनी रागाच्या भरात हप्ता बंद करू नका. बँकेत जाऊन ऑटो-डेबिट थांबवलं की तिसऱ्या महिन्यात कर्ज थकीत आणि सिबिल खाली, तेही फक्त विद्यार्थ्याचं नाही. सहकर्जदार म्हणून सही बहुधा वडिलांची असते, घराच्या कर्जाला नकार त्यांना येतो. आधी कर्ज कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर लोकपालाकडे, आणि ग्राहक आयोगात अर्ज करताना कर्ज कंपनीलाही प्रतिवादी करून हप्त्यांना अंतरिम स्थगिती मागा. स्थगिती मिळेपर्यंत ते ₹२८,५०० भरावे लागतात.